हाकेच्या दिशेनं

आमच्या ह्यांना अख्खं गाव 'रेडिओ' म्हणतं. बेकरीत पाव भाजता भाजता तोंडाचा पट्टा अखंड सुरू. गिऱ्हाईक पाव घ्यायला यायचं आणि शेजाऱ्याची भानगड ऐकून जायचं. भोंगा वाजला की मात्र पिठाच्या हातांनीच पळायचे. आमच्याकडं आग विझवायला पगारी माणसं नाहीत; बेकरीवाला, शिंपी, पोस्टातला कारकून, हेच बंबावर चढतात. त्यांचा म्होरक्या माझा सख्खा दादा, स्कूटर मेकॅनिक. आणि इथं परक्याच्या घराला आग लागतच नाही हो, लागते ती ओळखीच्याच घराला.

मागच्या महिन्यात शाळेच्या बाईंचं घर पेटलं. ह्यांना लिहा-वाचायला त्यांनीच शिकवलेलं. हे आणि दादा आत शिरले. थोड्या वेळानं दादा ह्यांना कमरेच्या पट्ट्याला धरून ओढत बाहेर आला, आणि मागं छत कोसळलं. बाई गेल्या.

त्या दिवसापासून ह्यांच्या तोंडाला कुलूप. गिऱ्हाइकाशी खुणेनं, माझ्याशी तेवढंही नाही. माझ्या जिवाचं नुसतं पाणी पाणी. लोक म्हणायचे, "पुरुषमाणूस आहे, होईल ठीक." कप्पाळ! माणसाच्या घशाखाली घास उतरेना, आणि म्हणे ठीक होईल! बंबाच्या तुकडीतल्यांशी बोलायला मनाच्या डॉक्टरीणबाई आल्या, तर हे त्यांच्यापुढंही भिंतीकडं बघत बसले. दादा रोज संध्याकाळी येऊन दाराच्या पायरीवर बसायचा. हे त्याच्याकडं पाठ करायचे. मला वाटलं, ओढून आणल्याचा राग असेल.

परवा माझा बांध फुटला. दादासमोरच ओरडले, "त्यानं तुम्हाला जिवंत आणलं, हा त्याचा गुन्हा का? शिव्या द्या, काहीही करा, पण बोला हो!"

हे ओट्याला टेकले. आवाज ओळखू येईना इतका घोगरा.

"धुरात काही दिसत नव्हतं. मी ओरडत होतो, बाई, माझ्या आवाजाच्या दिशेनं या. त्या म्हणाल्या, आले रे बाळा. खोकत खोकत येत होत्या. अगदी जवळ आल्या होत्या गं." मग म्हणाले, "त्या खिडकीशी होत्या. मी हाक मारली नसती तर तिथंच थांबल्या असत्या. माझ्या हाकेनं त्या छताखाली आल्या."

मी दादाकडं बघितलं. म्हटलं, आता हा तरी समजूत घालेल.

"मलाही ऐकू आलं होतं," दादा म्हणाला. "आले रे, म्हणाल्या ते. ऐकलं, आणि तरीही तुला ओढलं. छत वाकलं होतं, एकालाच आणता येणार होतं. रोज हेच सांगायला येतो, आणि पायरीवर बसून परत जातो."

मग दोघंही हमसून हमसून रडायला लागले, एक ओट्याशी, एक दाराशी. एक माझा नवरा, एक माझा भाऊ. आधी कोणाच्या पाठीवर हात ठेवू, मला कळेना.