अर्थिंगचं पाणी

मला हमिंग सहन होत नाही. कुणाच्या घरी फ्रिज घुमत असला की माझं गप्पांत लक्ष लागत नाही, आणि ट्यूबलाइटचा चोक भुणभुणला की मी खुर्चीवर चढते. लोक म्हणतात, कशाला एवढं कानावर घेतेस? आता कानावर नको घेऊ तर काय कान काढून ठेवू? हे दुखणं मला दुष्काळाच्या एका वर्षी जडलं, आणि ते जडलं बेस गिटारमुळे.

आमचं गाव सिरसाळ्याच्या अलीकडं. दादाची गायन पार्टी होती. एप्रिलात जयंतीला कार्यक्रम आमच्या गावात, मग मे संपेपर्यंत आजूबाजूच्या गावांत, कारण प्रत्येक गाव आपल्या सोयीनं जयंती करायचं. दादा गायचा. मी बहीण म्हणजे कोरसमध्ये उभी राहणार हे सगळ्यांनी गृहीत धरलेलं. पण माझा आवाज करपलेलं पातेलं खरवडल्यासारखा. मी सूर लावला की दादा गाता गाता मागे वळून बघायचा. मला तर गाण्याच्या वर काय चाललंय त्यापेक्षा खाली काय चाललंय त्याचीच ओढ होती. आमचा चुलतभाऊ कुणाची तरी मागून आणलेली बेस गिटार वाजवायचा. त्या वर्षी पाऊस पडला नाही, तो बायकोला घेऊन लांब, पाण्याच्या मुलखात ऊसतोडीला गेला आणि गिटार ज्याची होती त्याच्याकडे परत गेली. मी म्हणाले, मी वाजवते. सगळे हसले. कीबोर्डवाले सर सगळ्यात जास्त हसले. ते शाळेत शिकवायचे आणि पार्टीतही शिकवायचे.

"बेस मी डाव्या हातानं देतोय की," ते म्हणाले.

मी तेव्हा अंबाजोगाईला कॉलेजात होते. तिथं एका ऑर्केस्ट्राचं सामान विकायला निघाल्याचं कळलं. त्या ऑर्केस्ट्राचं पोट सहकारावर होतं. साखर कारखान्याचा बॉयलर पेटवायचा कार्यक्रम, दूध सोसायटीचा वर्धापनदिन, पतसंस्थेचं उद्घाटन. उसाला पाणी नाही म्हणून कारखाना बंद, कारखाना बंद म्हणून पुढचं सगळंच बंद. दादाला घेऊन मी गेले. एका माणसाच्या बैठकीत दोन बेस गिटारी सतरंजीवर ठेवलेल्या. एक लालभडक, चकचकीत. दुसरी तपकिरी, हात लागून लागून पॉलिश गेलेली आणि वजनाला लई भारी.

दादा लालजवळ जाऊन बसला. स्टेजवर उठून दिसेल म्हणाला. मी दोन्हींची मान डोळ्यापुढं धरून वरून खाली बघितली, जशी माय पाटा घेताना तो डुगडुगतो का बघते. लालची मान मधेच वाकलेली. मग ॲम्पला न जोडताच वाजवल्या. कान लाकडाला टेकवला आणि जाड तार मानेवरच्या एकेका धातूच्या पट्टीवर दाबत वर गेले. लालचा सूर चार पट्ट्यांनंतर मरायचा, लगेच. तपकिरी गिटारीचा सूर मात्र माझ्या जबड्यात उतरला आणि तिथंच राहिला. त्या माणसानं ॲम्पही लावून दाखवला. मोठा, काळा, एका कोपऱ्यात जाळी फाटलेला. मी बेसचं बटण अर्ध्यावर आणलं आणि बैठकीतल्या कपाटाची काच थरथरली. मला तिथून उठवेना.

"लाल घे," दादा म्हणाला.

"लाल तू घे आणि गळ्यात घालून फोटो काढ," मी म्हणाले. तपकिरी गिटार ॲम्पसकट घरी आली.

घरी आली आणि दुष्काळ तिलाही लागला. हवा इतकी कोरडी की मानेचं लाकूड आकसलं आणि पट्ट्यांची टोकं कडेनं बाहेर आली. हात सरकवला की ओरखडे. तारा पट्ट्यांना घासून चरचरायच्या. बेसच्या मानेत लोखंडी सळई असते. एलन कीनं, म्हणजे सहाकोनी किल्लीनं, ती थोडी सैल केली की मान पुढं झुकते आणि तारांना जागा मिळते. सळई पाव फेरा फिरवून एक दिवस थांबायचं असतं. थांबणं मला कुठलं जमायला! सकाळी सैल करायची, दुपारी पटलं नाही म्हणून परत आवळायची, संध्याकाळी तारा खाली घ्यायच्या. पट्ट्यांची टोकं मी कानस लावून बसवली, त्यात बोटंही सोलून घेतली.

"ती गिटार हाय का पंक्चरची सायकल?" दादा म्हणायचा. "रोज काय पिळती तिला?"

माझा पहिला कार्यक्रम जयंतीआधीच, मार्चमध्ये शेजारच्या गावातल्या एका लग्नात झाला. ॲम्प लावला आणि त्यातून घूं असा आवाज सुरू झाला तो शेवटपर्यंत थांबलाच नाही. तारांना हात लावला की कमी व्हायचा, हात काढला की परत. दोन गाण्यांच्या मधे दादा बोलायला लागला की त्याच्या बोलण्यामागे घूं. पुढं बसलेलं कुणीतरी ओरडलं, "मोहोळ उठलं रे!" आणि सगळा मांडव हसला. घरी आल्यावर मायनं विचारलं, "तू नेमकं काय वाजवत होतीस गं? ते घूं तुजंच का?" मी रागानं जेवलेच नाही.

दादानं मग स्पष्टच सांगितलं. जयंतीला आपल्या गावात घूं आलं तर गिटार पिशवीत, आणि बेस सरांचा डावा हात. त्यानंतर मला बेस वाजवायला मिळणार नव्हता हे मला माहीत होतं. पार्टीतून एकदा बाहेर बसलेल्या पोरीला परत आत कोण घेतं?

जयंतीच्या दुपारी विहारासमोर स्टेज बांधलं. निळे झेंडे लागले. लाइन दूध सोसायटीच्या ऑफिसातून घेतलेली, कारण दूध थंड करायच्या मशीनसाठी तिथला करंट एकसारखा असायचा. मशीनला तसं काम उरलं नव्हतं. जनावरं चारा छावणीत होती, दूध कुठून येणार? मी ॲम्प लावला आणि घूं. पिन काढून उलटी लावली, घूं. ॲम्प स्टेजच्या दुसऱ्या टोकाला नेला, वायर बदलली, लाइटिंग बंद करायला लावली, घूं. दादानं माइक तपासायला तोंडाजवळ नेला आणि ओठाला झटका बसून "आयला!" म्हणून मागं सरकला.

वायरमन सोसायटीच्या मागं जाऊन आला.

"अर्थिंग वाळलंय," तो म्हणाला. "खड्डा कोरडा ठाक हाय. जमिनीत वल न्हाई तर करंट जाईल कुठं? दोन-तीन हंडे पानी वता, मूठभर मीठ टाका."

पाणी ओता, हे त्या वर्षी कुणी सहज म्हणायचं वाक्य नव्हतं. टँकर सकाळीच येऊन गेला होता आणि परत परवा येणार होता. पाण्यावरून आदल्या आठवड्यात सख्ख्या जावांची भांडणं झालेली.

"झालं मग," दादा म्हणाला. त्याला वाईट वाटत होतं हे दिसत होतं, म्हणूनच तो माझ्याकडं बघत नव्हता. "घाल पिशवीत."

मी पिशवी आणली, चेन उघडली, परत लावली. स्टेजवरून उतरले, परत चढले. कुणाच्या दारात जाऊन पाणी मागू? आणि कशासाठी? जे वाजतंय हे कुणाला कळत नाही, त्यासाठी? मला सरांचा राग आला, आभाळाचा आला, त्या कोरड्या खड्ड्याचा आला. रडू मात्र येत नव्हतं, नुसते पाय एका जागी ठरत नव्हते.

तेवढ्यात माय आली. जयंतीची पांढरी साडी नेसलेली आणि दोन्ही हातांत बादल्या. विहाराच्या अंगणात पिंपळाचं रोप लावलेलं होतं, कमरेएवढं. वस्तीतल्या बायका त्याला रोज पाळीनं पाणी घालायच्या. पाणी म्हणजे अंघोळीचं, भांड्यांचं, कपड्यांचं, जे घरात खाली साठेल ते. त्या उन्हाळ्यात आमच्या वस्तीत हिरवं असं तेवढंच होतं. त्या दिवशी पाळी आमची होती.

"कावून तोंड पाडलंस सणाच्या दिवशी?" मायनं विचारलं.

मी सगळं तिच्या अंगावर ओरडूनच सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि वायरमनला विचारलं, "कसलंबी पानी चालतंय का?"

"चालतंय की मावशी. जमिनीला वल पाहिजे, बस."

मायनं रोपाकडं बघितलं.

"नको माय," मी म्हणाले. "झाडाचं हाय ते."

"झाड काल पेलंय," ती म्हणाली. "आज न्हाई पेलं तर मरत न्हाई. तू मरशील."

मी नको म्हणाले, पण मला ते पाणी हवं होतं, आणि ते मायला दिसत होतं. ती बादल्या घेऊन सोसायटीच्या मागं निघाली. विहाराच्या पायरीवर बसलेली शेजारची काकू ओरडली, "झाडाचं पानी कुठं न्हेती गं?"

"गाण्याला," माय न थांबता म्हणाली.

मग काकूही उठून घरात गेली आणि भांड्यांच्या राखेचं पाणी घेऊन आली. तेही खड्ड्यात गेलं. जमीन बुडबुडे काढत पीत होती. सोसायटीच्या सेक्रेटरींनी आतून मीठ आणून टाकलं. मी पळत स्टेजवर आले, ॲम्पच्या पुढं गुडघे टेकून बसले. घूं बारीक झालं. अजून बारीक झालं. मग काहीच ऐकू येईना, इतकं की मला वाटलं लाइटच गेली. मी जाड तार मोकळी वाजवली आणि स्टेजच्या फळ्या पायाखाली हलल्या. सरांनी कीबोर्डवरून डावा हात उचलून मांडीवर ठेवला.

संध्याकाळी कार्यक्रम झाला. चांगला झाला म्हणतात. मला नीट सांगता येणार नाही, कारण मी पूर्ण वेळ ते घूं परत येतंय का तेच ऐकत होते. माय पहिल्या रांगेत बसून माझ्या बोटांकडं बघत होती. शेवटी, पुढच्या गावाला किती वाजता निघायचं ते दादानं मलाही सांगितलं.

सतरंज्या गोळा करताना माय जवळ आली.

"खोटं कशाला बोलू बाई," ती म्हणाली. "तू वाजवलेलं मला आजबी ऐकू आलं न्हाई. पर ते घूं बंद झालेलं बराबर ऐकू आलं."

मला हसू आलं. मी सतरंजीचं दुसरं टोक धरलं.

दुसऱ्या दिवशी पाळी आमची नव्हती. मी साबण न लावता अंघोळ केली आणि परातीत साठलेलं पाणी झाडाला घालून आले.