मुठेलाने बुजलेल्या भेगा

खालाचं देणं आधी सांगते. रत्नागिरीत तिच्या चाळीत मला खोली दिली ती तिने. पहिल्या तापात पेज पाजली ती तिने. आणि कोळंबी सोलून हाताला भेगा पडल्या, तेव्हा कोकमाच्या बियांच्या तेलाचा घट्ट गोळा, मुठेल, चुलीवर पातळ करून चोळलं तेही तिनेच. माझं घर हिंगोलीकडे, शाळा आठवीत सुटलेली. इथे माझं म्हणावं असं दुसरं कोणी नव्हतं.

कारखान्यात बर्फाच्या पाण्यात हात घालून कोळंबी सोलायची. हातमोजे मिळत ते पातळ, कोळंबीच्या काट्याने लगेच फाटणारे. सकाळी मूठ वळत नसे. ती कायमचीच वळेनाशी झाली तर काय, हीच भीती. आम्ही बायकांनी जाड मोजे मागितले, तर मॅनेजर म्हणाला, "अभ्यास करणारे डॉक्टर येतायत. कामामुळे होतं असं त्यांनी म्हटलं, तर मोजे देतो."

मुंबईहून एक डॉक्टर ताई आल्या. सगळ्यांना तपासायला वेळ नव्हता, म्हणून चिठ्ठ्या टाकल्या: काही सोलणाऱ्या, काही कोरड्या पॅकिंगमधल्या. दोन्हींकडच्या हातांत फरक दिसला, तर तो बंदरावरच्या सगळ्याच सोलणाऱ्यांना लागू धरायचा. माझी चिठ्ठी निघाली. तपासणी पुढच्या आठवड्यात.

खालाने माझे हात उलटेपालटे केले. "असे हात घेऊन डॉक्टरणीसमोर जातेस? माझ्या घरातली पोर, लोक मला काय म्हणतील गो?"

शेजारच्या खोलीतली हसली, "खाला, हात बघायलेत, सोयरीक नाही जमवायलेत!"

"तू गप. तुझीपण चिठ्ठी निघालीय. पुढे कर हात."

चिठ्ठी निघालेल्या आम्हा सोलणाऱ्यांतल्या बहुतेकजणी खालाच्याच चाळीत राहायच्या. रोज रात्री तिने सगळ्यांना मुठेल चोळलं. भेगा बुजल्या. तपासताना ताईंनी विचारलं, "हाताला काही औषध लावता?" आम्ही खरंच सांगितलं, नाही. चुलीजवळच्या गोळ्याला औषध कोण म्हणतं?

काही महिन्यांनी ताई निकाल सांगायला आल्या. सोलणाऱ्यांच्या हाताला भेगा थोड्या जास्त होत्या, पण एवढा फरक नुसत्या योगायोगानेही पडू शकतो, असं त्या म्हणाल्या. मॅनेजर लगेच म्हणाला, "म्हणजे कामामुळे नाही."

"तसं नाही," ताई म्हणाल्या. "फरक आम्हाला सापडला नाही, एवढंच. तो नाहीच, असं मी म्हणत नाही."

मॅनेजरने पहिलं अर्धं तेवढं ऐकलं.

मी मुठेलाचं सांगितलं. ताईंचा चेहरा उतरला. "मग फरक त्यानेच झाकला असेल." पण पुन्हा तपासायला मंजुरी लागते, आणि ती मिळाली नाही. बंदरावरच्या ज्या सगळ्या सोलणाऱ्या बायकांच्या वतीने आमच्या चिठ्ठ्या निघाल्या होत्या, त्यांना कोणी काही विचारलंही नाही. आमचे चार दिवस सुधारलेले हात त्यांच्या नावावर लागले. मोजे तेच राहिले, पातळ.

खालाला हे कळलं तेव्हा ती पदर तोंडाला लावून बसली. म्हणाली, "माझ्या हातानेच बुडवलं मी तुमचं." मी म्हटलं, असं बोलू नको. राग येतो तो तिचा नाही. बाईने डॉक्टरसमोर बरे हात घेऊन जावं, एवढीच तिची माया. तीच आमच्याविरुद्ध धरली गेली.

आता तिच्या टाचा फुटल्यात, वाकवत नाही तिला. माझी बोटं अजून सकाळी उशिरा वळतात. पण वळतात तोवर, ती जेव्हा अंथरुणाला खिळेल तेव्हा, मी कुठेही असले तरी येईन आणि तिच्या टाचांना मुठेल चोळीन. हे मी तिला सांगितलेलं नाही. पण करणार आहे.