भानुदासमामांची सही

भानुदासमामा व्हॉल्व्ह बंद करण्याआधी पाणी प्यायचे. कुठलेही पाणी नव्हे, त्या लाईनवरच्या अगदी शेवटच्या घरच्या नळाचे. एका खांद्यावर व्हॉल्व्ह फिरवायची लांब लोखंडी चावी, दुसऱ्या खांद्याला पिशवी आणि पिशवीत स्वतःचा स्टीलचा पेला. शेवटच्या घरी जायचे, पेला नळाखाली धरायचा, उभ्या उभ्या संपवायचा आणि मगच माघारी येऊन चावी फिरवायची. मी महापालिकेच्या पाणीपुरवठा विभागात कनिष्ठ अभियंता म्हणून नवीन लागले होते. पहिल्याच आठवड्यात मी या लाईनमनला सुनावले, "मामा, या भागाची वेळ संपली. बंद करा आता."

"घड्याळाला तहान लागत नाय, मॅडम," ते म्हणाले आणि पेला घेऊन वरच्या गल्लीकडे चालू लागले. मला भयंकर राग आला होता.

ती दुष्काळाची वर्षे होती. धरणाने तळ गाठला होता आणि शहर मात्र चारी बाजूंनी पसरत होते. काल जिथे ज्वारी होती तिथे आज प्लॉटचे दगड. नळाला आठवड्यातून एकदा पाणी यायचे आणि लोक आमच्या नावाने बोटे मोडायचे. अशात एका कंपनीने सॉफ्टवेअर आणले. व्हॉल्व्ह संगणक उघडणार, संगणकच बंद करणार, प्रत्येक भागाला सारखी चाळीस मिनिटे. पाणी सोडले की पडद्यावरच्या नकाशात तो भाग हिरवा व्हायचा. खोटे कशाला सांगू, मी त्या नकाशावर भाळले होते.

मुकुंदवाडीत चाचणी झाली. ऑफिसात बसून मी सगळा भाग हिरवा झालेला पाहिला आणि चाचणी यशस्वी झाल्याच्या कागदावर सही ठोकली. खाली लाईनमनची सही हवी होती. मामा पायरीवर बसून भाकरी खात होते.

"वरच्या गल्लीत गेल्ता का तुम्ही?" त्यांनी विचारले.

"मामा, स्क्रीनवर दिसतंय की सगळं."

"त्यो हिरवा रंग हंड्यात भरता येतो व्हय? शेवटच्या घरी नळाला नुसती हवा आली. चाळीस मिनिटं तर पाण्याला चढ चढायलाच लागत्यात."

"वेळ नंतर वाढवून घेऊ. आत्ता सही तर करा."

"नाय. पाणी पिल्याबिगर मी व्हॉल्व्ह बंद करत नाय, अन् सही करू व्हय?"

मग मोठ्या साहेबांनी बोलावले. "दोन महिन्यांनी निवृत्त होणार तुम्ही, कशाला वाकड्यात शिरता?" मामांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "दोन महिने तर दोन महिने. तवर तरी लाईनमन मीच हाय ना, साहेब?" एवढे बोलून ते उठले. मला त्यांची कीव आली होती, हे आज लिहिताना लाज वाटते.

सर्वसाधारण सभेत खरेदीचा विषय निघाला. चाचणी यशस्वी झाली, अभियंत्यांची सही आहे, असे साहेबांनी सांगितले. मागच्या बाकांवरून मामा उठले. हातात तोच पेला. "वरच्या गल्लीत पाणी नाय आलं. माझी सही नाय त्या कागदावर." एकच गलका झाला. कुणी ओरडले, खाली बसा! "बसतो की. आधी कुणीतरी माझ्यासंगं चला अन् ह्यो पेला भरून दावा." शिपाई त्यांच्या दंडाला धरायला आला, तरी ते जागचे हलले नाहीत.

एका वयस्कर नगरसेविकेने माझ्याकडे वळून विचारले, "मॅडम, सही तुमची आहे. पाणी आलेलं तुम्ही पाहिलं का?"

मी उभी राहिले. साहेब माझ्याकडे बघत होते, मामा मात्र पेल्याकडे. "नाही," मी म्हणाले. "मी फक्त स्क्रीन पाहिली."

खरेदी लांबली. आम्हा दोघांना मेमो मिळाला. माझा खुलासा तीन पानांचा होता. मामांनी एकच ओळ लिहिली, "पाणी आलं की सही करीन." निरोप समारंभ झाला नाही. चावी जमा करून ते वैजापूरला मुलाकडे निघून गेले.

पुढे कंपनीने शेवटच्या घराच्या नळाशी मीटर बसवले. तिथे पाणी पोहोचून घराघरात भरणे झाल्याशिवाय व्हॉल्व्ह बंद होणार नाही, या अटीवर सॉफ्टवेअर घेतले गेले. पहिल्या दिवशी मी मामांना फोन केला. ते एसटीने आले, पिशवीत पेला घेऊन. वरच्या गल्लीत नळ आधी खोकला, मग धार लागली. मामांनी पेला भरला, उभ्या उभ्या संपवला आणि तोंड पुसले.

"आणा कागद."

"मामा, तुम्ही निवृत्त झालात. आता तुमची सही लागत नाही."

"तुम्हाला लागत नसंल. मी शब्द दिल्ता." मी फाईलमधला तो जुना चाचणीचा कागद पुढे केला. भिंतीला टेकवून त्यांनी माझ्या सहीखाली सावकाश सही केली.

मामा जाऊन आता बरीच वर्षे झाली. तो कागद फाईलमध्ये आहे. परवा तपासणीला आलेल्या अधिकाऱ्याने त्यावर बोट ठेवले. "ही सही कुणाची?" मामांची, निवृत्तीनंतर केलेली, असे मी सांगितले. "निवृत्त माणसाची सही इथे चालत नाही. काढून टाका हे पान."

"काढते," मी म्हणाले. "पण आधी वरची सही खोडा. ती माझी आहे, आणि ती पाणी न बघता केलेली आहे."

अधिकाऱ्याने फाईल मिटली. पान तिथेच आहे.