पहिल्या संध्याकाळचं जेवण

खरं सांगायचं तर हे मी लिहिणारच नव्हते. परवा पेपर आहे, पुस्तक समोर उघडं पडलंय, आणि सालकिन एजेनं चहा पिता पिता सांगितलेलं आपण असं सगळ्यांसमोर मांडावं का, हेही कळत नव्हतं. शेवटी काल तिलाच विचारलं. ती म्हणाली, "लिही की. तुमच्याकडच्या लोकांनाही आया असतीलच ना." झालं, बसले लिहायला.

एजे म्हणजे ताई. इथे किर्गिझस्तानात, बिश्केकमध्ये, तिच्या घरात मी तीन वर्षं भाड्यानं राहतेय, पण तिला मालकीणबाई म्हणायची हिंमत कुणाची? चौतीस वर्षांची आहे, कारखान्यात जाकिटं शिवते. नवरा तिलेक शहरात छोटी बस चालवतो आणि प्रवाशांशी बोलून जे उरतं ते सगळं घरी येऊन बोलतो. मुलगी आयदाय सात वर्षांची, मुलगा बायेल चार.

जुलैच्या सुरुवातीला तिलेक एक निळी पिशवी खांद्यावर टाकून घरी आला.

"तंबू आणलाय मित्राचा! तीन दिवस सुट्टी टाकली. पोरांना सोन-कोलला नेऊ, तळ्याकाठी राहू. वर्गातली सगळी पोरं जाऊन आलीत, आपलीच घरात कुजतायत."

सालकिन कणीक मळत होती. तिचे हात थांबले. नऊ वर्षं तिनं त्या तळ्याचं नाव घरात काढलं नव्हतं.

"काय झालं? नको का?"

"नको कोण म्हणालं," ती म्हणाली, आणि कणीक इतकी मळली, इतकी मळली की तिलेक म्हणाला, "बास, मेली ती."

तिचं लहानपण त्या तळ्यावर गेलं होतं. उन्हाळ्यात शाळा सुटली की ट्रकमध्ये यर्टचा, म्हणजे मेंढपाळांच्या गोल तंबूघराचा, लाकडी सांगाडा चढायचा, लोकरीचे जाड नमदे चढायचे, चूल, हंडे, आणि त्या सगळ्या ढिगाऱ्यावर सालकिन. पुढचे तीन महिने वरच. मेंढ्या, घोड्या, वारा आणि थंड पाणी. मोठी झाली, शहरात आली, नोकरी लागली. वडील दर उन्हाळ्यात घोड्यावर बसून टेकडी चढायचे, कारण फोन तिथेच लागायचा, आणि ओरडून विचारायचे, "येतेस ना गं? तुझ्यासाठी शिंगरू बांधून ठेवलंय, काळं आहे, कपाळावर पांढरा ठिपका!" आणि ती म्हणायची, "अता, या वर्षी काम आहे, पुढच्या वर्षी नक्की." शेवटच्या वर्षी तर ती चिडलीच होती, ऑर्डर अर्धवट होती, म्हणाली, "शिंगरू काय घेऊन बसलात, मी काय लहान आहे का?" नोव्हेंबरमध्ये अता गेले. त्या शिंगराचं काय झालं हे तिनं कधी कुणाला विचारलं नाही.

धाकट्या भावानं मेंढ्या विकल्या, तो रशियाला कामाला गेला. यर्ट उतरवून, गठ्ठे बांधून गावच्या छपरात ठेवून दिली. आई, बुरमाके अपा, खाली गावातच राहिली. तीही परत वर गेली नाही.

पण तयारी म्हटल्यावर सालकिननं तयारी अशी केली की विचारू नका. विकतच्या झोपायच्या पिशव्या बघून तिनं नाक मुरडलं ("यात पोरं घातली तर सकाळी बर्फ काढावा लागेल"), आणि जाकिटांच्या उरलेल्या अस्तरातून, आत जाड कापूस भरून, चार पिशव्या स्वतः शिवल्या. आयदायची जांभळी. बायेलची हिरवी, तिला खिसा, कारण खिसा नसेल तर तो झोपणार नाही असं त्यानं जाहीर केलं होतं. कापड बेतायच्या तपकिरी कागदावर खडूनं यादी लिहून तिनं ती फ्रीजवर चिकटवली: मोजे प्रत्येकी पाच, चहा, काड्यापेटी दोन, साखर, वारा आला तर दोर.

रविवारी अंगणात जर्दाळूच्या झाडाखाली तंबू उभारून बघितला. तिलेकनं तो उभा केला आणि सालकिननं काही न बोलता खुंट्या उपटून पूर्ण फिरवला.

"अगं काय करतेस? दार भिंतीकडे केलंस!"

"उगवतीकडे केलं. दार उगवतीकडेच असतं."

"नायलॉनच्या तंबूला उगवत मावळत कुठली?"

"तुला चालेल कसंही, बसच्या दारानं आत येणारा माणूस तू."

बायेल आत जाऊन पाठीवर आडवा पडला आणि ओरडला, "आई, वरचं भोक कुठाय? झेंड्यावर असतं ते गोल भोक! आभाळ कुठनं बघायचं?"

सालकिनही जाऊन त्याच्याशेजारी आडवी झाली. यर्टच्या माथ्यावर धुरासाठी गोल भोक असतं, तेच इथल्या झेंड्यावर आहे; इथे वर नुसतं निळं कापड. बराच वेळ ती बाहेर आली नाही. आयदाय म्हणाली, "आईला झोप लागली वाटतं." झोप कसली लागतेय.

निघायच्या दोन दिवस आधी तिलेक फ्रीजसमोर उभा राहून त्याच कागदावरची जेवणाची यादी मोठ्यानं वाचत होता. सालकिन मशीनवर शेवटच्या पिशवीची शिलाई मारत होती.

"शुक्रवारी सकाळी अंडी, दुपारी ब्रेड आणि काकडी... रात्री काही नाही. शनिवारी तिन्ही वेळा आहे. रविवारी आहे. बाई, पहिल्या संध्याकाळी आम्ही काय हवा खायची?"

"शेजारी आणतील की," ती मान वर न करता म्हणाली.

"कोण शेजारी?"

मशीन थांबली.

वर तळ्यावर रीतच आहे तशी. मागून आलेल्या कुटुंबानं पहिल्या संध्याकाळी चूल पेटवायची नाही. आधी येऊन बसलेले शेजारी शिजवलेलं जेवण घेऊन येतात, या, बसा, वाट कशी होती, असं विचारतात. आणि तळ्याच्या ज्या वळणावर यांची यर्ट असायची, तिथे सगळ्यांच्या आधी कायम कोण पोचायचं? बुरमाके अपा. एकेका उन्हाळ्यात सात सात घरांना हंडा उचलून न्यायची, आणि तिच्या मागे साईचं भांडं धरून धावायची सालकिन. शहरात इतकी वर्षं काढून, हातात खडू घेऊन, शुद्धीत असताना तिनं तीन दिवसांचं जेवण लिहिलं होतं आणि पहिली संध्याकाळ आईवर सोडून दिली होती. जी आता तिथे नसतेच.

तिलेकला वाटलं ती हसतेय. जवळ जाऊन बघितलं तर रडत होती.

तिनं लगेच गावी फोन लावला. "अपा, आमच्याबरोबर चल ना. जाताना वाटेत तुला घेतो."

"कुठे, जमिनीवर झोपायला?" पलीकडून अपा म्हणाली. "आयुष्यभर झोपलो, तेव्हा कुणी सहल म्हटलं नाही. आता शहरातले लोक सुट्टी काढून झोपतात होय!"

"अपा, खरंच चल."

"माझी यर्ट नाही तिथे. मेंढरू नाही, चूल नाही. त्या जागेवर मी पाहुणी म्हणून जाऊ? नाही गं. तुम्ही जा. पुढच्या वर्षी बघू."

पुढच्या वर्षी. सालकिनला ते शब्द कुठून आले हे चांगलंच माहीत होतं. फोन ठेवून ती यादीसमोर जाऊन उभी राहिली. तिलेकनं खडू उचलला, "मी लिहितो, शेवया, पाच मिनिटांत होतात," तर तिनं त्याच्या हातातून काढून घेतला.

"राहू दे रिकामं."

"आणि पोरं?"

"राहू दे म्हटलं ना."

शुक्रवारी दहाच्या सुमारास कोचकोरच्या पुढे अपाच्या गावात पोचले. अपा फाटकात उभीच होती. पोरांचे मुके घेऊन झाले, गाडीकडे बघून "ही चढेल का घाट?" हे झालं, तिलेक म्हणाला, "अपा, ही चढेल, मी उतरून ढकलीन." मग सालकिननं तो तपकिरी कागद आईच्या हातात दिला. अपानं चष्मा लावला. बोट फिरवत फिरवत वाचलं. बोट रिकाम्या जागी आलं आणि थांबलं.

"आज संध्याकाळचं?"

"काही नाही आणलं."

"पिशवीत असेल काहीतरी."

"नाही. बघ हवं तर."

"दोन लेकरं घेऊन निघालीस आणि आज रात्रीचं अन्न नाही? डोकं कारखान्यात विसरलीस का गं?" अपा खवळली. "वर कोण बसलंय तुमच्या आधी गेलेलं?"

"कुणी नाही अपा. तीच तर पंचाईत झालीय."

अपानं कागदाची नीट घडी घालून स्वतःच्या खिशात ठेवली, आणि ती आत गेली. थोड्या वेळानं चरबीत मांस परतल्याचा वास आला. आयदायला कांदे चिरायला बसवलं. "बारीक चीर, तुझी आई चिरायची तसे धोंडे नकोत." दुपारी हंडा रजईत गुंडाळून अपा बाहेर आली. डोक्याला नवा पांढरा रुमाल होता.

"मी पुढे बसते. मागे मला मळमळतं."

घाट गाडी चढली, दोनदा थांबून. शेवटचं वळण आलं, खाली तळं दिसलं, आणि अपानं तिलेकच्या हातावर हात ठेवला.

"इथे उतरव मला. तुम्ही अर्ध्या तासानं या."

"अपा, अजून बरंच खाली आहे, तुमचे गुडघे..."

"गुडघे माझे आहेत. सगळे एका गाडीतून उतरलो तर आधी आलेलं कोण आणि मागून आलेलं कोण? काही ताळतंत्र?"

तिलेकनं तोंड उघडलं. सालकिननं त्याला मागून चिमटा काढला.

अपा कमरेवर हंडा घेऊन गवतातून उतरत गेली. मध्ये दोनदा थांबली, हंडा दुसऱ्या बाजूला घेतला. सालकिन गाडीबाहेर उभी राहून बघत होती. खाली तळ्याच्या वळणावर अजून त्यांच्या यर्टचा गोल दिसत होता, वीसेक उन्हाळे यर्ट उभी राहिल्यामुळे तिथलं गवत वेगळंच हिरवं झालेलं. अपा सरळ त्या गोलात गेली नाही. वळसा घालून उगवतीच्या बाजूनं आली, जिथे दार असायचं, आणि जरा वाकून आत शिरली. डोक्यावर उघडं आभाळ, आणि ती वाकून शिरली. मधोमध चुलीच्या जागी हंडा ठेवला. मग डाव्या बाजूला गेली, जिथे अताचं खोगीर टांगलेलं असायचं. तिथे तोंड करून उभी राहिली.

"मोठी अपा कुणाशी बोलतेय?" बायेलनं विचारलं.

तिलेकसुद्धा त्या अर्ध्या तासात एकदाही काही गमतीचं बोलला नाही.

मग ते खाली गेले. गाडी थांबली तशी अपा पुढे आली, जणू आयुष्यात पहिल्यांदाच बघतेय यांना.

"आलात? वाट बरी होती ना? लेकरं दमली असतील. चूल पेटवू नका, जेवण आणलंय."

रीत ती रीत, सालकिननंही पाळली. "तुम्ही कधी आलात?" तिनं विचारलं.

"आम्ही? आम्ही कधीचे आलोय," अपा म्हणाली, आणि रजई सोडायला बसली. हंडा अजून गरम होता.

जेवता जेवता सालकिननं शेवटी विचारलंच, इतक्या वर्षांनी, "अपा, त्या काळ्या शिंगराचं काय झालं?"

"तुझ्या भावानं विकलं. मी नको म्हणत होते." अपानं तिच्या ताटात आणखी मांस वाढलं. "चांगलं मोठं झालं होतं गं ते. तू बघायला हवं होतंस."



तो निळा तंबू अजून आमच्या अंगणात वाळत पडलाय, तळाशी तिथलं गवत चिकटलेलं आहे आणि एजे ते झटकत नाही. मी आत्ता हे टाईप करतेय आणि सोलापूरला माझी मावशी दोन उन्हाळे विचारतेय, कधी येतेस, आणि मी काय उत्तर देते हे तुम्हाला कळलंच असेल. तुम्हीही असं कुणालातरी पुढच्या वर्षीवर ठेवलेलं असेल. जा ना लवकर. या महिन्यात, जमलं तर या रविवारी. आणि जाताना सगळं बरोबर नेऊ नका, एका वेळचं जेवण त्यांच्यावर सोडा.