जबाबात न घेतलेलं वाक्य

ती घटना आजही आठवते, कारण तिच्यात मला शाबासकी मिळाली आणि माझी लायकी शिव्यांची होती.

तेव्हा मी हैदराबादेत एका ठाण्याचा इन्स्पेक्टर होतो. बेगम बाजारात दुकान असलेला एकजण आला. त्याचा भाऊ दवाखान्यात होता. तोंडात फोड, केस गळालेले, अंगात रक्त उरलेलं नाही. "वहिनीच जेवणातून काहीतरी घालतेय साहेब," तो म्हणाला. मी लगेच तिला ठाण्यात आणलं.

बाई इथल्या जुन्या मराठी घरातली. म्हटलं, मराठीत विचारलं की बोलेल. बोललीही.

"मी कायकू विष घालू, साहेब? आम्ही घरी जुन्या घड्याळांच्या तबकड्या खरवडतो. अंधारात चमकतो ना, तो रंग. माझीपण बोटं जळतात बघा."

"नाटकं नक्को," मी खेकसलो. ते वाक्य जबाबात घेतलंच नाही.

नवऱ्याचं रक्त प्रयोगशाळेत पाठवताना कागदावर संशयित विषाचा रकाना असतो. मी ठोकून दिलं, उंदराचं औषध. तिथे विचारलं तेवढंच तपासतात. अहवालात काही निघालं नाही, तर मी म्हणतो, बाई पक्की आहे! पुन्हा विष घालेल म्हणून तिला दवाखान्यात जायला बंदी केली. वॉर्डातून दोनदा फोन आला, पेशंट बायकोला बोलावतोय. मी सांगितलं, चौकशी चालू आहे.

तिच्या वैद्यकीय तपासणीत डॉक्टरीणबाईंना तिची सोललेली बोटं दिसली. काम काय करतेस, एवढंच त्यांनी विचारलं. मग माझ्या तोंडाकडेही न बघता दोघांचं रक्त किरणोत्सर्गाच्या तपासणीला धाडलं. दोघांच्याही रक्तात त्या चमकत्या रंगातलं रेडियम निघालं. अहवाल हातात पडला त्याच सकाळी नवरा गेला होता.

त्यांना हे काम देणाऱ्या सिकंदराबादच्या एका भंगारवाल्याकडून आम्ही तबकड्यांची पोती जप्त केली. वरिष्ठांनी पाठ थोपटली. मी मुकाट्याने थोपटून घेतली, निर्लज्जासारखी.

नवरा गेल्याचं बाईला सांगायला मीच गेलो. ती रडली नाही. म्हणाली, "साहेब, शेवटी त्यांनी माझ्याबद्दल विचारलं का हो?"

"नाही बाई. त्यांना शुद्धच नव्हती."

माहीत नसेल तर रकाना कोरा ठेवा, समोरचा बोलेल ते सगळं लिहून घ्या, हे मी पुढे प्रत्येक नव्या अधिकाऱ्याला बजावलं. माझं ते खोटं मात्र कुठल्याच कागदावर आलं नाही. आज लिहून देतो. त्यांनी दोनदा बोलावलं होतं, बाई.