लहान मेंदूचा फोटो

माझा धाकटा भाऊ उल्हासनगरला, कॅम्प तीनमध्ये, जीन्सच्या कारखान्यात कटिंग मास्टर होता. कापडाचे थर रचून खडूच्या रेघेवरून तो असं मशीन फिरवायचा की शेठ गिऱ्हाइकांना मुद्दाम बोलावून दाखवायचा. मग त्याला त्या कापडाच्या ढिगातून कुणीतरी शिव्या देताना ऐकू येऊ लागलं. एका दुपारी मशीन तसंच सोडून तो अंबरनाथला घरी आला आणि आईला म्हणाला, "दार लाव. तो मागे आलाय."

स्किझोफ्रेनिया हा शब्द आम्ही मुंबईच्या इस्पितळात पहिल्यांदा ऐकला. गोळ्यांनी भाऊ शांत झाला. आवाज मात्र गेला नाही.

तिथल्या एक डॉक्टरबाई या आजारावर संशोधन करत होत्या. त्यांनी एमआरआयबद्दल विचारलं, तर भाऊ लगेच तयार झाला. बाईंनी स्वतःच्या डोक्यामागे, मानेच्या जरा वर हात ठेवला.

"इथे लहान मेंदू असतो. चालताना तोल, हाताचा नेम, सगळं तो जुळवतो. विचार जुळवण्यातही त्याचा वाटा असावा आणि या आजारात तिथेच काही बिनसत असेल, असं वाटतं. ते तपासतोय."

मग त्यांनी त्याला एक बोट आधी स्वतःच्या नाकाला आणि मग त्यांच्या बोटाला लावायला सांगितलं. बोट दर वेळी जरासं बाजूला जात होतं. "गोळ्यांमुळेही होतं असं," बाई हळूच म्हणाल्या. भाऊ स्वतःच्या हाताकडे बघत राहिला. मला तिथे थांबवेना, आणि त्याला सोडून बाहेरही जाता येईना.

एमआरआयच्या मशीनची धाडधाड दाराबाहेर ऐकू येत होती. हा आता ओरडणार, म्हणून मी जीव मुठीत धरून उभी. पण तो ओरडला नाही. बाहेर आला तेव्हा घामाने भिजला होता.

"मॅडम, तो दिसला का?"

"कोण?"

"बोलणारा."

बाई त्याच्याजवळ बसल्या. "आवाजाचा फोटो निघत नाही. पुष्कळ माणसांचे फोटो एकत्र पाहिले, तर थोडं काही कळेल. एकट्या तुझ्याबद्दल मला आज सांगता येणार नाही."

"म्हणजे माझ्या आत आहे की बाहेर, तेही नाही?"

आम्ही सांगून थकलो होतो, तेच बाईंनी सांगितलं. "आवाज तुझ्या मेंदूतच तयार होतो." त्याने मान हलवली. त्याला पटलं नव्हतं.

घरी आल्यावर आईने विचारलं, "मग औषध बदललं?" मी नाही म्हटलं. दुसऱ्या दिवसापासून ती त्याच्या मानेवर, केसांच्या मुळाशी, कोमट तेल चोळू लागली. "इथेच ना गं?" तिने मला विचारलं. मी हो म्हटलं. दुसरं काय सांगणार होते?

पुढे शेठने त्याला परत बोलावलं, पण मशीनवर नाही, शिवलेल्या जीन्सचे सुटे धागे कापायला बसवलं. जेवणाच्या सुट्टीआधीच तो उठून आला. आता घरीच असतो. कधी माझ्याशी बोलता बोलता मधेच थांबतो, दुसऱ्याचं ऐकतो. त्याचं ऐकून होईपर्यंत मी गप्प बसून राहते.