समोरच्या मॅडमच्या मिरच्या

जळक्या प्लास्टिकचा वास आला की मला गारखेड्यातला आमचा जुना फ्लॅट आठवतो. तिथं एका वर्षी दुष्काळात अख्खी इमारत टँकरच्या पाण्यावर चालायची आणि बाल्कनीतली माझी सगळी झाडं करपून गेली होती. समोरच्या फ्लॅटमधल्या मॅडमनी मात्र आतल्या अंधाऱ्या खोलीत जांभळट दिव्याखाली मिरच्या लावल्या होत्या, हिरव्यागार, तकतकीत. आमचे हे त्या मिरच्या बघून आले आणि जेवताना त्यांचंच कौतुक करत राहिले. दुसऱ्याच दिवशी मी मिरचीची नवी रोपं आणून आतल्या खोलीत ठेवली आणि बाजारातला सगळ्यात प्रखर हॅलोजन त्यांच्या अगदी डोक्यावर टांगला. संध्याकाळपर्यंत पानं भाजली, आणि पाणी घालताना ओघळ जमिनीवरच्या एक्स्टेंशन बोर्डात गेला तशी ठिणगी उडाली आणि जळक्या प्लास्टिकचा वास सुटला. माझी किंकाळी ऐकून मॅडम धावत आल्या. "ताई, हात नका लावू, आधी मेन बंद करा!" मग म्हणाल्या, "हा दिवा नुसती आग ओकतो. झाडांचा एलईडी घ्या, हातभर वर टांगा, अन् बोर्ड पाण्यापासून लांब, उंचावर ठेवा." त्यांनी स्वतःकडचा जादा दिवा आणून लावूनही दिला. वाचलेल्या एका रोपाला पुढं मिरची धरली. ती मी मोठ्या तोऱ्यात ह्यांच्या ताटात वाढली. हे चावून म्हणाले, "व्वा! मॅडमच्या हाताला गुणच आहे." आज त्या मॅडम माझ्या जिवलग मैत्रीण आहेत, पण ते वाक्य मला अजूनही झोंबतं.